एक विमान, एक कब्रस्तान

अंदलुसची गोष्ट आपल्याकडे दोन ठिकाणी येऊन थांबते. एक म्हणजे कुर्तुब्याची मशीद आणि अलहमराचे महाल, आणि दुसरे म्हणजे जानेवारी १४९२ मध्ये ग्रॅनाडा शत्रूच्या हवाली करून निघालेला शेवटचा सुलतान अबू अब्दुल्लाह. उर्दू वाचणाऱ्या पिढीने नसीम हिजाजींच्या कादंबऱ्यांतून ही गोष्ट रात्र-रात्र जागून वाचली. इक्बाल १९३३ मध्ये स्पेनला गेले, कुर्तुब्याच्या मशिदीत त्यांनी नमाज पढली आणि त्या भेटीतून त्यांची प्रसिद्ध नज्म जन्मली. मुशायऱ्यांतून, मदरशांतून, घरच्या गप्पांतून आपण हा सगळा इतिहास डोळे ओले करून ऐकत आलो. त्यापुढे स्पेनशी मुसलमानांचा जणू काही संबंधच उरला नाही, अशी आपली समजूत झाली.

पण इक्बाल तिथून परतल्यावर अवघ्या तीन वर्षांनी मुसलमान पुन्हा एकदा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरले. एक-दोन हजार नव्हे, युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या ६० ते ८० हजारांच्या घरात गेली होती, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तारिक बिन झियाद आला तेव्हाही त्याच्याबरोबर एवढे सैन्य नव्हते. मात्र या वेळी त्यांच्या पुढे तारिक नव्हता, एक कॅथलिक जनरल होता. आणि ज्या लढाईसाठी त्यांना नेले गेले, तिला स्पेनचे बिशप 'क्रुसेड' म्हणत होते.

या गोष्टीवर आपल्याकडे नज्म झाली नाही, कादंबरी झाली नाही. ती सांगायची तर एका लहानशा विमानाचा माग काढत सांगावी लागते.

लाकूड, कापड आणि दोन इंजिने

माद्रिदच्या नैऋत्येला क्वात्रो वियेन्तोस नावाचे जुने विमानतळ आहे. स्पेनच्या लष्करी विमानविद्येची सुरुवात १९११ मध्ये इथूनच झाली. तिथल्या हवाई संग्रहालयात एक दोन पंखी विमान ठेवलेले आहे. पंख एकावर एक, सडपातळ बांधा, लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेले कापड. आजच्या पिढीला ते खेळण्यातले वाटावे. ब्रिटनच्या डी हॅविलँड कंपनीचे हे 'ड्रॅगन रॅपिड'. या जातीचे पहिले विमान एप्रिल १९३४ मध्ये उडाले. दोनशे अश्वशक्तीची दोन इंजिने, एक वैमानिक आणि सहा ते आठ उतारू, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास वेग. लहान गावांच्या हवाई सेवा, श्रीमंतांच्या सहली, वर्तमानपत्रांची वाहतूक अशा साध्यासुध्या कामांसाठी ते बनवलेले होते. त्याच्यावर ना बंदूक होती ना बॉम्ब ठेवायची सोय.

संग्रहालयातल्या विमानाचा ब्रिटिश नोंदणी क्रमांक होता जी-एसीवायआर. लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरून भाड्याने विमाने देणाऱ्या ऑली एअर सर्व्हिसच्या ताफ्यातले ते एक. भाड्याच्या गाडीला कोण कधी बसेल हे गाडीला ठाऊक नसते, तसेच या विमानाचे झाले. ११ जुलै १९३६ पर्यंत त्याचे नाव कुणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. त्यानंतरच्या आठ दिवसांनी ते इतिहासात जाऊन बसले.

रिफचे डोंगर

विमान उडण्याआधी थोडे मागे जायला हवे, कारण गोष्टीची मुळे लंडनमध्ये नाहीत, मोरोक्कोच्या उत्तरेकडच्या रिफच्या डोंगरांत आहेत.

१९१२ मध्ये फ्रान्स आणि स्पेनने मोरोक्को आपसांत वाटून घेतला. उत्तरेची डोंगराळ पट्टी स्पेनकडे आली. तिथल्या अमाझिग, म्हणजे आपण ज्यांना बर्बर म्हणतो त्या टोळ्यांनी हे राज्य मुकाट्याने मान्य केले नाही. मुहम्मद बिन अब्दुलकरीम अल-खत्ताबी हा त्यांचा नेता. तो काझी होता, शिक्षक होता, मेलिया शहरातल्या स्पॅनिश वर्तमानपत्रात त्याने कामही केले होते. जुलै १९२१ मध्ये अनुआल येथे त्याच्या माणसांनी स्पॅनिश फौजेचा असा धुव्वा उडवला की आठ हजारांहून अधिक सैनिक मारले गेले आणि स्पेनचे सरकार हादरले. अब्दुलकरीमने रिफचे प्रजासत्ताक उभे केले. युरोपच्या वसाहतीत आधुनिक पद्धतीचे स्वतंत्र राज्य काही वर्षे टिकवून दाखवणारा हा माणूस पुढे आशिया-आफ्रिकेतल्या अनेकांना प्रेरणा देत राहिला.

स्पेनने उत्तर दिले ते आकाशातून. विमानातून पहिला बॉम्ब टाकला गेला तो १९११ मध्ये, लिबियात, इटालियन वैमानिकाकडून, अरब वस्तीच्या परिसरात. रिफमध्ये स्पेनने त्याच्या पुढचे पाऊल टाकले. १९२० च्या दशकात तिथल्या गावांवर, बाजारांवर, शेतांवर विषारी मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकले गेले. सप्टेंबर १९२५ मध्ये अलुसेमासच्या उपसागरात स्पॅनिश फौज उतरली आणि मे १९२६ मध्ये अब्दुलकरीमने फ्रेंचांपुढे शरणागती पत्करली. फ्रेंचांनी त्याला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेऊन ठेवले. वीस वर्षांनी, १९४७ मध्ये, त्याला फ्रान्सला नेत असताना तो इजिप्तमध्ये उतरून निसटला आणि १९६३ मध्ये कैरोत वारला.

या लढायांत स्पॅनिश अधिकाऱ्यांची एक पिढी तयार झाली. तिला 'आफ्रिकावाले' म्हणत. अलुसेमासची मोहीम चालवणारे जनरल होसे सानहुर्हो यांना तर रिफच्या नावाचा सरदारी किताबच मिळाला. एमिलिओ मोला याच मुशीतले. आणि फ्रान्सिस्को फ्रँको. 'रेगुलारेस' या नावाच्या मोरोक्कन पलटणीत त्याने उमेदवारी केली, १९१६ मध्ये पोटात गोळी खाऊन वाचला, पुढे परदेशी सैनिकांच्या 'लेजिओन'चे नेतृत्व केले आणि १९२६ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी जनरल झाला. रिफच्या माणसाला मारण्यात आणि रिफच्याच दुसऱ्या माणसाला पगार देऊन आपल्या बाजूने लढवण्यात हे सगळे तरबेज झाले होते.

हा अनुभव त्यांनी घरीही वापरला. ऑक्टोबर १९३४ मध्ये अस्तुरियासच्या खाणकामगारांनी उठाव केला, तेव्हा फ्रँकोच्या सल्ल्याने मोरोक्कन पलटणी तिथे उतरवल्या गेल्या. अस्तुरियास हा तोच डोंगरी मुलूख, जिथे आठव्या शतकात मुसलमानांना पहिल्यांदा रोखले, असा स्पॅनिश लोकांना अभिमान आहे. तिथल्या ख्रिस्ती कामगारांना चिरडायला सरकारने मुसलमान शिपाई पाठवले. धर्माच्या नावाने सांगितला जाणारा इतिहास आणि खुर्चीसाठी केला जाणारा इतिहास यांत किती अंतर असते, ते एवढ्यावरून कळावे.

सहलीचा बहाणा

फेब्रुवारी १९३६ च्या निवडणुकीत डाव्या पक्षांची आघाडी जिंकली. संशयित जनरलना माद्रिदपासून दूर पाठवले गेले. फ्रँकोची रवानगी कॅनरी बेटांवर झाली. मोला उत्तरेत पाम्प्लोना येथे होता आणि उठावाचा कट तोच विणत होता. कटाचा नियोजित प्रमुख सानहुर्हो आधीच्या फसलेल्या बंडामुळे पोर्तुगालमध्ये परागंदा होता.

कटाला आफ्रिकेतली फौज हवी होती आणि त्या फौजेला तिचा ओळखीचा माणूस. म्हणजे फ्रँको कॅनरीतून मोरोक्कोत पोहोचायला हवा. पण स्पॅनिश विमान वापरले तर कट फुटणार. तेव्हा राजेशाहीवादी वर्तमानपत्र 'एबीसी'चा लंडनमधला वार्ताहर लुईस बोलीन याला काम सोपवले गेले. पैसा दिला बँकर हुआन मार्क याने. कोणते विमान घ्यावे याचा सल्ला दिला ऑटोजायरो या यंत्राचा जगप्रसिद्ध शोधक हुआन दे ला सिएर्वा याने. पुढे त्याच वर्षी, ९ डिसेंबरला, क्रॉयडनहूनच निघालेले प्रवासी विमान धुक्यात कोसळून हा सिएर्वा मेला.

विमान सहलीला निघाल्यासारखे दिसावे म्हणून ह्यू पोलार्ड नावाचा निवृत्त ब्रिटिश अधिकारी, त्याची तरुण मुलगी आणि तिची मैत्रीण यांना बरोबर घेतले. दोन गोऱ्या मुली विमानात असल्या की कोण संशय घेणार? वैमानिक होता कॅप्टन सेसिल बेब. ११ जुलैच्या सकाळी क्रॉयडनहून विमान उडाले आणि फ्रान्स, पोर्तुगाल, कासाब्लांका असे टप्पे घेत ग्रान कॅनरिया बेटावरच्या गांदो विमानतळावर उतरले. बोलीन कासाब्लांकातच थांबला.

आता अडचण अशी की फ्रँको होता तेनेरीफ बेटावर आणि विमान होते शेजारच्या बेटावर. परवानगीशिवाय त्याला जागा सोडता येत नव्हती. १६ जुलैला ग्रान कॅनरियाचा लष्करी प्रमुख जनरल बाल्मेस पिस्तुलाची गोळी लागून मेला. हा अपघात होता की आणखी काही, यावर स्पेनमध्ये आजही वाद झडतात. एवढे खरे की अंत्यविधीसाठी जाण्याची परवानगी फ्रँकोला मिळाली आणि १७ तारखेला तो त्या बेटावर हजर होता. त्याच संध्याकाळी मेलियात उठाव सुरू झाला.

१८ जुलैच्या दुपारी फ्रँको विमानात चढला. खिशात एका मुत्सद्द्याचा पासपोर्ट होता. ओळख पटू नये म्हणून त्याने मिशा काढल्या, असे सांगतात. पुढे त्याच्याच बाजूचा एक जनरल म्हणे चेष्टेने म्हणायचा की या लढ्यासाठी फ्रँकोने एकच त्याग केला, तो मिशांचा. आगादीरला इंधन घेऊन विमान कासाब्लांकाला मुक्कामी राहिले आणि १९ जुलैच्या सकाळी तेतुआनच्या सान्या रामेल विमानतळावर आले. खाली आपले लोक आहेत की सरकारचे? फ्रँकोने वैमानिकाला घिरट्या घालायला लावले. खाली एक सोनेरी केसांचा जुना सहकारी ओळखू आला, तेव्हा उतरायला हरकत नाही असे ठरले.

त्या विमानतळाची एक गोष्ट सांगायची राहिली. दोन रात्री आधी तिथला प्रमुख अधिकारी सरकारशी इमान राखून बंडखोरांशी लढला होता. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्याने आपली विमाने निकामी केली आणि मगच हत्यार टाकले. त्याचे नाव रिकार्दो दे ला पुएन्ते बाहामोन्दे. तो फ्रँकोचा सख्खा आतेमावस नात्यातला भाऊ, लहानपणी बरोबर खेळलेला. ४ ऑगस्टला त्याला गोळ्या घालण्यात आल्या. फ्रँकोने त्याला वाचवले नाही.

जनरल आणि त्यांची विमाने

फ्रँकोला उतरवून विमान थांबले नाही. त्याच दिवशी बोलीन शस्त्रे व विमाने खरेदी करण्याचे फ्रँकोचे अधिकारपत्र घेऊन त्यात बसला आणि लिस्बनला सानहुर्होकडे गेला. सानहुर्होने त्या कागदावर आपली सही केली. बोलीन पुढे रोमच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी, २० जुलैला, सानहुर्होला स्पेनला नेण्यासाठी हुआन अन्साल्दो हा वैमानिक आपले पुस मॉथ घेऊन आला. हे एका इंजिनाचे चिमुकले विमान आपल्याला अनोळखी नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते याच जातीच्या विमानाने. अन्साल्दोला मोठे विमानतळ वापरू दिले नाही, म्हणून कास्कायशजवळच्या एका आखूड मैदानावरून उडावे लागले. जनरलच्या सामानाचे ओझे जास्त झाले होते, असे सांगितले जाते. विमान झाडांना अडखळून कोसळले, पेटले. अन्साल्दो वाचला, सानहुर्हो जळून मेला.

मोलाचा नंबर पुढच्या वर्षी लागला. ३ जून १९३७ रोजी बुर्गोस प्रांतात अल्कोसेरो गावाजवळ धुक्यात त्याचे एअरस्पीड एन्व्हॉय हे लहान दुइंजिनी विमान टेकडीवर आदळले आणि तो ठार झाला. बार्सिलोनाचा उठाव चालवायला समुद्री विमानाने मायोर्काहून गेलेला जनरल गोदेद पकडला गेला आणि ऑगस्ट १९३६ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. चार जनरल, चार विमाने. सुखरूप पोहोचले ते एकच, सहलीचा बहाणा करून निघालेले. कोणी याला नशीब म्हणेल. फ्रँकोचे भक्त याला ईश्वरी संकेत म्हणत राहिले. स्पेनला मात्र या संकेताची किंमत पुढची जवळपास चाळीस वर्षे मोजावी लागली.

समुद्रापलीकडे

तेतुआनला पोहोचून फ्रँकोला फौज मिळाली, पण जिब्राल्टरची सामुद्रधुनी आडवी होती. सर्वांत चिंचोळ्या जागी ती जेमतेम १४ किलोमीटर आहे. पण आरमारातल्या खलाशांनी बंडखोर अधिकाऱ्यांना कैद करून जहाजे सरकारच्या बाजूने ठेवली होती. तेव्हा तेतुआनमधले दोन जर्मन नाझी फ्रँकोचे पत्र घेऊन विमानाने हिटलरकडे गेले. २५ जुलैच्या रात्री बायरॉइटमध्ये वाग्नरचा ऑपेरा पाहून परतलेल्या हिटलरने मदतीला होकार दिला. वीस युंकर्स विमाने आली. आतल्या बैठका काढून, माणसांना जमिनीवर दाटीने बसवून ती रोज खेपा करू लागली. ऑक्टोबरपर्यंत १३ ते १४ हजार सैनिक पलीकडे नेले गेले. जगाच्या इतिहासात एवढी फौज आकाशमार्गे हलवण्याची ही पहिली वेळ. फ्रँकोने या विमानाचे स्मारक उभारायला हवे, असे हिटलर पुढे म्हणाला ते खोटे नव्हते.

त्या विमानांत बसलेल्यांपैकी बरेचसे रिफचे होते. पंधरा वर्षांपूर्वी ज्या आकाशातून त्यांच्या गावांवर विष पडले होते, त्याच आकाशातून, ते विष टाकवणाऱ्यांच्याच हुकमाने ते आता दुसऱ्यांच्या गावांकडे निघाले होते.

ते का गेले? याचे उत्तर धर्मात शोधणाऱ्यांनी आधी चुलीकडे पाहावे. स्पॅनिश मोरोक्कोत पीक बुडाले होते. भरती होणाऱ्याला दोन महिन्यांचा पगार आगाऊ मिळत होता, शिवाय साखर, तेल आणि घरातल्या पोरांच्या संख्येप्रमाणे पाव. आपल्या दख्खनचा आणि कोकणचा इतिहास जाणणाऱ्याला हे नवे नाही. दुष्काळात किती घरांतली तरणी पोरे इंग्रजांच्या पलटणीत गेली आणि पहिल्या महायुद्धात इराकच्या वाळूत पडली! मराठा शिपाई कूतच्या वेढ्यात अडकले, मुसलमान शिपायांना खलिफाच्या फौजेशी लढावे लागले. १९१५ मध्ये सिंगापुरात मुसलमान शिपायांच्या एका पलटणीने बंड केले आणि कित्येकांना भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. पोट आणि ईमान यांच्या कात्रीत सापडलेल्या शिपायाची गोष्ट सगळीकडे सारखीच असते.

पण धर्मही वापरला गेलाच. मोरोक्कोत सांगितले गेले की ही लढाई अल्लाहला न मानणाऱ्यांविरुद्ध आहे. किताब मानणारे ख्रिस्ती आणि मुसलमान यांनी एकत्र यायला हवे. स्पेनमध्ये तीच लढाई सालामांकाच्या बिशपने सप्टेंबर १९३६ मध्ये क्रुसेड ठरवली. शहरांतून जाणाऱ्या मोरोक्कन शिपायांच्या छातीवर कॅथलिक बायका येशूच्या पवित्र हृदयाचे बिल्ले टाचत होत्या. १९३७ मध्ये फ्रँकोने मोरोक्कन हाजींसाठी जहाजाची सोय केली. एका हाताने क्रॉस, दुसऱ्या हाताने हज. दोन्ही हात मात्र एकाच खुर्चीकडे पोहोचत होते.

या पलटणींनी काय केले तेही लपवता कामा नये. बादाहोस, तोलेदो आणि माद्रिदकडे जाणाऱ्या रस्त्यावरची असंख्य गावे यांत कत्तली झाल्या, लूट झाली, बायकांवर अत्याचार झाले. हुकूम स्पॅनिश अधिकाऱ्यांचे होते. सेव्हिलच्या रेडिओवरून जनरल केइपो दे यानो 'मूर येत आहेत' म्हणून स्त्रियांना उघड धमक्या देत होता. मोरोक्कन शिपाई त्याच्यासाठी माणूस नव्हताच, भीती घालण्याचे साधन होता. पण हुकूम कोणाचाही असो, हात ज्याचे होते त्यालाही जबाब आहे. आपल्या माणसांवर झालेला जुलूम आपण सांगतो, तेव्हा आपल्या माणसांच्या हातून झालेलाही सांगायला हवा. नाहीतर आपल्या रडण्याला किंमत उरत नाही.

जी दारे उघडली नाहीत

दुसरी बाजूही इथे कमी पडली, हे न्यायाने म्हटले पाहिजे. सप्टेंबर १९३६ मध्ये मोरोक्कन राष्ट्रवाद्यांचे शिष्टमंडळ बार्सिलोनाला गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते : उत्तर मोरोक्कोला स्वातंत्र्य जाहीर करा, आम्ही फ्रँकोच्या पाठीमागचा मुलूख त्याच्याविरुद्ध उठवतो. स्वातंत्र्य आणि समतेच्या गोष्टी करणाऱ्या प्रजासत्ताकाला हे धाडस झाले नाही. आपल्या मोरोक्कोत लोण पसरेल म्हणून फ्रान्सने दबाव आणला आणि दार बंद झाले. नजाती सिद्की नावाचा पॅलेस्टिनी कम्युनिस्ट स्पेनमध्ये येऊन आघाडीवरून मोरोक्कन शिपायांना अरबीत हाका मारत होता, पत्रके लिहीत होता. त्याच्याच पक्षातल्या स्पॅनिश नेत्यांना 'मूर' माणसाविषयी एवढा तिटकारा होता की वर्ष संपायच्या आत तो निराश होऊन निघून गेला. ज्याला तुम्ही माणूस मानत नाही, त्याने तुमच्या माणुसकीसाठी लढावे ही अपेक्षा कशी करणार?

या युद्धात आपल्याकडचेही लोक होते. डॉ. अटल, डॉ. अयूब अहमद खान नक्शबंदी आणि डॉ. पिंटो हे भारतीय डॉक्टर प्रजासत्ताकाच्या जखमींची शुश्रूषा करीत होते. हेच डॉ. अटल पुढे १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले, ज्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते. जून १९३८ मध्ये जवाहरलाल नेहरू बॉम्बहल्ले सोसणाऱ्या बार्सिलोनात जाऊन आले. आणि नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार! राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे पहिले सरकार्यवाह असलेला हा माणूस लंडनला शिकायला गेला आणि 'जॉन स्मिथ' या नावाने आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये भरती झाला. १९३८ मध्ये तो पकडला गेला आणि बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या मठातल्या छावणीत कैद राहिला. हा मठ एल सिदचा. ज्याला स्पेनमध्ये मूरांचा कर्दनकाळ म्हणून मिरवले जाते, त्या एल सिदने आयुष्यातली कितीतरी वर्षे सरगोसाच्या मुसलमान अमिराची चाकरी केली होती. त्या भिंतींआड संघातून निघालेला एक मराठी माणूस, फॅसिझमशी लढल्याबद्दल, क्रॉसचा आणि मूर पलटणीचा झेंडा एकत्र मिरवणाऱ्या राजवटीचा कैदी होता. इतिहास सरळ रेषेत चालतो असे ज्यांना वाटते, त्यांनी या एका खोलीपुढे जरा उभे राहावे.

कोणाचे काय झाले

एप्रिल १९३९ मध्ये फ्रँको जिंकला. ड्रॅगन रॅपिड ब्रिटनमध्येच आपल्या साध्या चाकरीत होते. कॅप्टन बेब आणि पोलार्ड यांना फ्रँकोने मानचिन्हे दिली. १९५७ मध्ये ते विमान फ्रँकोला भेट म्हणून देण्यात आले. ज्या विमानात तो चोरासारखा बसला होता, त्याचा तो आता मालक झाला. आज ते क्वात्रो वियेन्तोसच्या संग्रहालयात आहे. १९८६ मध्ये, युद्धाला पन्नास वर्षे झाली तेव्हा, हाइमे कामिनो या दिग्दर्शकाने त्याच्याच नावाचा चित्रपट काढला.

फ्रँको नोव्हेंबर १९७५ मध्ये मेला. माद्रिदबाहेरच्या डोंगरात, युद्धकैद्यांच्या कष्टांतून खोदलेल्या भव्य दफनभूमीत त्याला पुरले. ४४ वर्षांनी, २४ ऑक्टोबर २०१९ रोजी, लोकशाही सरकारने त्याची शवपेटी तिथून उकरली आणि हेलिकॉप्टरने मिंगोरुबियोच्या साध्या कब्रस्तानात नेली. जनरलचा हा शेवटचा विमानप्रवास. या वेळी घिरट्या घालून कोणाला ओळखायची गरज नव्हती.

आणि ते हजारो मोरोक्कन? फ्रँकोने काही वर्षे आपल्याभोवती पांढऱ्या झग्यातले मूर घोडेस्वार रक्षक म्हणून मिरवले. १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला आणि तो थाट संपला. वाचलेले शिपाई रिफच्या गावांत परतले, स्पॅनिश सैनिकाच्या मानाने तुटपुंज्या पेन्शनवर म्हातारे झाले. स्पेनच्या लोकांनी त्यांचा द्वेष केला, स्वतंत्र मोरोक्कोला त्यांची आठवण नकोशी वाटली. जे परतलेच नाहीत, त्यांतल्या कित्येकांच्या कबरींवर नाव नाही.

माद्रिदच्या दक्षिणेला ग्रिन्योन नावाचे गाव आहे. माद्रिदच्या लढाईत मारल्या गेलेल्या मोरोक्कन शिपायांसाठी तिथे एक कब्रस्तान केले गेले. युद्ध संपले, शिपाई विसरले गेले, पण कब्रस्तान राहिले. पुढे कामाच्या शोधात मोरोक्कोतून आणि इतर देशांतून मुसलमान माद्रिदला येऊन राहिले. विटा वाहणारे, हॉटेलांत भांडी घासणारे, म्हाताऱ्यांची सेवा करणारे. त्यांच्यातले कोणी वारले की काफन गुंडाळून न्यायचे कुठे? कित्येक दशके त्या परिसरातल्या मुसलमानांना जागा होती ती ग्रिन्योनचीच. आठशे वर्षे ज्या देशात मुसलमान राहिले, त्याच्या राजधानीजवळ त्यांच्या वाट्याला जी माती आली, ती जनरलच्या भाडोत्री शिपायांची.

क्वात्रो वियेन्तोस आणि ग्रिन्योन यांत अंतर फार नाही. एका ठिकाणी विमान रंगरंगोटी करून, नावाची पाटी लावून जपलेले आहे. दुसऱ्या ठिकाणी ती माणसे आहेत, ज्यांच्यासाठी ते विमान उडाले होते; म्हणजे ज्यांना वापरण्यासाठी उडाले होते. अंदलुसची आठवण काढताना आपण अलहमरावर जरूर रडावे. पण एखादी फातिहा ग्रिन्योनच्या त्या मातीसाठीही राखून ठेवावी. आणि पुढे कधी कोणी जनरल एका हातात धर्म आणि दुसऱ्या हातात पाव घेऊन आपल्या पोरांना बोलवायला आला, तर त्याचे विमान कोणाच्या पैशाने उडते आहे, एवढे तरी विचारायला शिकावे.